बॉयलरखालची हातभर नळी: फिलिंग लूप, वर्षभराच्या वापरानंतर

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा वॉशरपायी कापला, त्याबद्दल पुढे लिहिते.

वस्तू साधी आहे. स्टीलच्या जाळीची हातभर लवचिक नळी, दोन्ही टोकांना एकेक छोटा व्हॉल्व्ह, आणि त्यातल्या एका व्हॉल्व्हला जोडलेला बोटभर लांबीचा पितळी तुकडा. त्या तुकड्यावर बाण कोरलेला असतो. इंग्लंडमध्ये याला फिलिंग लूप म्हणतात. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय नळाचं पाणी आणि घर दोन्ही तापवणारा) असलेल्या घरात रेडिएटरमधलं, म्हणजे खोल्या गरम ठेवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेट्यांमधलं, पाणी कमी झालं की नळाचं पाणी आत सोडायला तो लागतो. माझ्या बिलात त्याचे १४ पौंड लागले आहेत. तो बसवणाऱ्या इंजिनिअरबाईंच्या कामाबद्दलही इथेच लिहिते, कारण आमच्याकडे त्याआधी आठ-नऊ वर्षं जी जोडणी होती, ती दिसायला जवळजवळ अशीच होती.

आम्ही स्लाऊमध्ये राहतो. १९३०च्या दशकातलं घर, एक भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक. घर घेतलं तेव्हा माळ्यावर हीटिंगसाठी एक लहान टाकी होती. त्या टाकीत वरून बॉलकॉकने पाणी पडायचं आणि तिथून खाली रेडिएटरना जायचं. पुण्यात गच्चीवरच्या टाकीत पडतं तसंच. नळाचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर, मध्ये चार बोटं मोकळी हवा. टाकीतलं पाणी कितीही घाण झालं तरी ती हवा ओलांडून ते वर नळात चढू शकत नाही. २०१६ साली आम्ही कॉम्बी बसवला, माळ्यावरची टाकी काढून टाकली, जागा मोकळी झाली म्हणून खूश झालो. टाकीबरोबर ती चार बोटं हवाही गेली, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. आता रेडिएटरचं पाणी आणि प्यायचं पाणी यांच्यामध्ये उरली ती फक्त बॉयलरखालची नळी.

२०२५चा जानेवारी. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून सासूबाई सांगलीहून येऊन राहिल्या होत्या. त्यांना पहाटे साडेपाचला चहा लागतो. पाच वाजता हीटिंग आपोआप सुरू होतं, त्यामुळे तोवर घर कोमट झालेलं असतं. त्या दिवशी त्यांनी चहा केला, दोन घोट घेतले आणि माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "अगं, चहाला औषधाचा वास येतोय. आणि नळाला धारच नाही."

काठी टेकत स्वयंपाकघरात गेले. थंड पाण्याचा नळ उघडला. करंगळीएवढी धार आली, रंग राखाडी. मी हात खाली धरला तर पाणी कोमट.

त्या कोमटपणाने मी थबकले. जानेवारीत इथल्या थंड नळाच्या पाण्याने बोटं दुखतात. कोमट पाणी थंड नळातून येणं मला ठाऊक होतं ते कराडच्या माहेरच्या घरातून. तिथे गीझरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवलेला नव्हता, आणि खाली कुणी नळ सोडला की गीझरमधलं गरम पाणी थंड पाण्याच्या पाईपमध्ये उलटं यायचं. बाबांनी शेवटी प्लंबर बोलावून तो बसवून घेतला. म्हणजे पाणी उलटं येतं हे मला माहीत होतं. पण इथे गीझर नाही. इथे येणारं गरम पाणी कुठलं?

मी एक स्वच्छ काचेची बरणी घेतली आणि त्या धारेखाली भरली. सांगलीत दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काढली आहेत. काही बिघडलेलं दिसलं की आधी नमुना घ्यायचा, मग बाकीचं, ही तिथली सवय. सासूबाईंना चहा ओतून टाकायला लावला. मग कपाट उघडून बॉयलरकडे पाहिलं. प्रेशरचा काटा जवळजवळ शून्यावर आणि बॉयलर बंद पडलेला. आदल्या रात्री झोपताना तोच काटा २.६ बारवर होता. हे मला नेमकं आठवत होतं, कारण काही महिने तो वर वरच राहत होता आणि मी रोज बघत होते.

सकाळी सातला कळलं की आमच्या रस्त्यावरची मुख्य लाईन पहाटे चारच्या सुमारास फुटली होती. दुपारी एकला पाणी परत आलं. सुरुवातीला लालसर, मग स्वच्छ. आणि संध्याकाळी बॉयलरचा काटा पुन्हा १.४ वर. दुसऱ्या दिवशी सकाळी २.१. घरात कुणीही बॉयलरला हात लावला नव्हता.

म्हणजे पहाटे पाणी बॉयलरमधून कुठेतरी गेलं आणि दुपारनंतर कुठून तरी परत आलं. फरशी कोरडी, छताला डाग नाही.

बरणी तीन दिवस खिडकीत ठेवली होती. तळाशी काळा, बारीक, काजळीसारखा गाळ बसला. लाईन फुटल्यावर नळाला येतो तो गंज तांबूस असतो, दुपारच्या पाण्यात तो मी पाहिलाच होता. हा काळा होता. मी फ्रिजवरचा चुंबक काढला (पंढरपूरहून आणलेला, विठोबाचा) आणि बरणीच्या बाहेरून तळाशी लावला. गाळ सरकला. चुंबकाच्या मागे मागे काचेवर चढला, दाढीच्या खुंटासारखा उभा राहिला.

ज्यांच्या घरी रेडिएटर आहेत त्यांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईत वाचणाऱ्यांसाठी सांगते. रेडिएटर लोखंडी पत्र्याचे असतात. तेच ते पाणी वर्षानुवर्षं त्यांच्यातून फिरत राहतं. आतून पत्रा झिजतो, आणि ऑक्सिजन कमी असल्यामुळे लाल गंजाऐवजी काळा मॅग्नेटाइट तयार होतो. तो चुंबकाला चिकटतो. हे झिजणं थांबवायला त्या पाण्यात इनहिबिटर नावाचं रसायन घालतात. वास त्याचा होता. शिवाय तांब्याच्या पाईपमधला, सोल्डरिंगच्या वेळचा फ्लक्स, असं बरंच काही त्यात उतरलेलं असतं. हे पाणी सहसा बदलत नाहीत, ते पिण्यासाठी नसतंच. आमच्या सासूबाईंनी त्याचे दोन घोट चहातून घेतले होते.

त्यांना काही झालं नाही. १११ या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबरवर फोन केला, त्यांनी काय काय विचारायचं ते विचारलं, लक्ष ठेवायला सांगितलं, आम्ही ठेवलं. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी माझ्या घरी बोलावून घेतलं आणि माझ्या नळातून हे दिलं, ही गोष्ट मला बरेच दिवस सलत राहिली.

त्याच आठवड्यांत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सापडत होते. माझा दादा धायरीला राहतो. तिथे सगळ्यांचं बोट पाण्याकडे होतं, लोक पाणी उकळून पीत होते. आमचा रोज फोन व्हायचा. मी त्याला माझ्या नळाची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "अगं, तिकडे तर चोवीस तास पाणी असतं ना?" असतं. पण त्या पहाटे चार ते दुपारी एक नव्हतं. आपल्याकडे दिवसाआड पाणी सुटतं, मधल्या वेळात पाईप रिकामा होतो, आणि लोक मोटर लावून थेट लाईनमधून ओढायला लागले की पाईपात उलटी ओढ तयार होते. जिथे भेग असेल तिथून आजूबाजूचं सांडपाणी आत शिरतं. इथे ती वेळ क्वचित येते, पण येते. रस्त्यावरची लाईन फुटते, अग्निशमनवाले हायड्रंटमधून पाणी घेतात, दुरुस्तीसाठी कंपनी पाणी बंद करते. नळाचा दाब शून्यावर आला आणि रेडिएटरमध्ये दोन-अडीच बार दाब असला, तर पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणारच.

किती गेलं असेल याचा मी हिशोब केला. सोफ्यावर पाय वर करून पडून होते, वेळ होता. कॉम्बीच्या पोटात एक डबी असते, आमच्या बॉयलरची ८ लिटरची. मध्ये रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी तापून फुगलं की हवा दबते आणि जागा करून देते. हवा आधीच १ बारने भरलेली असते. २.६ बारवर बॉईलच्या नियमाने त्या डबीत साडेतीन लिटर पाणी मावतं. नळाचा दाब गेला की ती हवा पिचकारीसारखी ते साडेतीन लिटर मागे ढकलते. रस्त्यापासून घरापर्यंत येणाऱ्या २५ मिलिमीटरच्या निळ्या प्लास्टिक पाईपच्या एका मीटरमध्ये साधारण तिसरा हिस्सा लिटर पाणी असतं. म्हणजे साडेतीन लिटर पाणी दहा मीटर पाईप भरतं. आमच्या स्वयंपाकघरापासून फूटपाथवरच्या स्टॉपकॉकपर्यंतचं अंतर तेवढंच आहे. आमच्या रेडिएटरचं पाणी त्या पहाटे रस्त्यापर्यंत पोचलेलं असू शकतं. पुढे शेजाऱ्यांच्या घरी जाणारी लाईन.

आता इंजिनिअरबाई. मी आधी गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी, म्हणजे गॅस सेफ, तीच बघायचे. या वेळी वॉटरसेफ नावाची पाण्याच्या कामाची यादीही बघितली आणि दोन्हींत नाव असलेलं माणूस निवडलं. फोनवर मी चुंबकाबद्दल सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरणी फेकू नका. आणि बॉयलरखालचे दोन्ही व्हॉल्व्ह पाईपला आडवे करून ठेवा, पाईपच्या रेषेत नको." मी वाकू शकत नव्हते, मुलाने केलं. एक व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच होता. पाईपांच्या मागे होता, बाहेरून दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. बुटांवर कव्हर चढवली, स्वतःची बादली आणली. पहिली दहा मिनिटं कशालाही हात न लावता टॉर्च घेऊन नुसतं पाहिलं. मग मला स्टूलवर बसवून एकेक दाखवलं. हे मला फार आवडलं. माझ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी मला असंच शिकवलं होतं.

त्यांनी दाखवलेलं असं. आमची जुनी नळी कायमची जोडलेली होती. तिला डबल चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा तो बाणवाला पितळी तुकडा, नव्हता. एकही चेक व्हॉल्व्ह नव्हता, सिंगलसुद्धा. नळाच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केल्यावरही गळत होता. त्यांनी नळी सोडवून त्याच्या तोंडाशी कागदी रुमाल धरला, तो अर्ध्या मिनिटात भिजला. मागच्या अंगणातल्या नळाला गेज लावून नळाचा दाब मोजला: ३.४ बार. रेडिएटरला थंड असताना १ ते १.५ बार पुरतो. म्हणजे महिनोन्‌महिने नळाचं पाणी त्या गळक्या व्हॉल्व्हमधून आत शिरत होतं, काटा चढत होता, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडत होता आणि बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या पाईपमधून थेंब थेंब गळत होतं. त्या पाईपखाली विटांवर पांढरा-हिरवा ओघळ उमटला आहे, तो मी दोन वर्षं बघत होते. २०२३ साली याच गळतीसाठी एकाला बोलावलं होतं. त्याने सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, ९० पौंड घेतले, तीन महिन्यांत पुन्हा थेंब सुरू. बॉयलरखाली डोकावून कुणी पाहिलं नाही. ताजं पाणी सतत आत येत होतं म्हणजे ताजा ऑक्सिजनही येत होता, इनहिबिटर पातळ होत होतं, आणि रेडिएटर आतून आणखी झिजत होते. माझ्या बरणीतला काळा गाळ इतका दाट का, ते तेव्हा कळलं. एकाच नळीने दोन्हीकडचं पाणी बिघडवलं होतं.

नियम काय आहे तेही त्यांनी सांगितलं, मी नंतर वाचून खात्री केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाण्याच्या जोडण्यांचे १९९९चे नियम आहेत. त्यात पाण्याचे पाच वर्ग केलेत. पहिला वर्ग प्यायचं पाणी. पाचवा सगळ्यात घातक, सांडपाणी वगैरे. घरातल्या हीटिंगचं पाणी तिसऱ्या वर्गात, रसायन घातलेलं असो वा नसो. घर नसलेल्या इमारतींचं हीटिंग चौथ्या वर्गात जातं आणि त्याला याहून कडक बंदोबस्त लागतो. आमची रविवारची मराठी शाळा ज्या हॉलमध्ये भरते तिथे बॉयलरच्या खोलीत एक मोठा पितळी व्हॉल्व्ह आणि त्यावर तपासणीच्या तारखांचं लेबल आहे. मुलांच्या बाटल्या भरताना मी तो कितीदा पाहिला असेल, कशासाठी आहे हे आता कळलं. घरासाठी दोन रस्ते. एक, डबल चेक व्हॉल्व्ह असलेली तात्पुरती नळी: भरताना जोडायची, भरून झालं की काढून ठेवायची, तोंडांना टोपणं लावायची. दुसरा, कायम जोडलेलं ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळं उपकरण असतं. त्याच्या पोटात मधला कप्पा असतो, दाब उलटा झाला की तो कप्पा बाहेर रिकामा होतो आणि मध्ये हवा येते. ते महाग, आणि त्याला निचऱ्याचा पाईप लागतो. आणि हे पाळण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची तशी घरात राहणाऱ्याचीही. हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नऊ वर्षं ही जबाबदारी माझी होती आणि मला माहीत नव्हती.

मी पहिला रस्ता निवडला. पैशांमुळे नाही. मला ती हवा परत हवी होती. नळी काढून ठेवली की दोन पाण्यांच्या मध्ये नुसती हवा असते, माळ्यावरच्या टाकीत होती तशी. तिच्यात स्प्रिंग नाही, रबर नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही.

आता वस्तूबद्दल. पितळी तुकड्यात एकामागे एक दोन झडपा आहेत, प्रत्येकीला आपली स्प्रिंग. पाणी बाणाच्या दिशेने ढकललं तर उघडतात, उलट्या बाजूने आलं तर मिटतात. दोन का, तर एकीत वाळूचा कण किंवा फ्लक्सचा खडा अडकून ती उघडी राहिली तरी दुसरी मिटावी म्हणून. इंजिनिअरबाईंनी बसवण्याआधी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "फुंका." बाणाच्या दिशेने फुंकलं, थोड्या जोराने हवा गेली. उलट्या बाजूने गाल दुखेपर्यंत फुंकलं, काही नाही. मग त्यांनी तो निर्जंतुक करून, तोंडाला लागलेला भाग पुसून, पाणी सोडून धुतला आणि बसवला. बाण नळाकडून बॉयलरकडे. उलटा बसवला तर रेडिएटर भरणारच नाहीत, त्यामुळे तो उलटा बसायची भीती कमी. खरी भीती तो न बसवण्याची. स्वस्तात नुसती नळी आणि दोन व्हॉल्व्ह असलेले संचही मिळतात, फोटोत सारखेच दिसतात. विकत घेताना तो बाणवाला तुकडा पाकिटात आहे का आणि त्यावर डब्ल्यूआरएएसची (पाण्याच्या फिटिंग्जना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता आहे का, हे बघा.

व्हॉल्व्हना चपटी कान असलेली मूठ आहे, स्क्रूड्रायव्हरची खाच नाही. माझ्यासाठी ही फार मोठी सोय. संधिवाताच्या बोटांनी फिरवता येते आणि उघडा आहे की बंद ते लांबून दिसतं. मूठ पाईपच्या रेषेत असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद. आमच्या जुन्या जोडणीत खाचेचे व्हॉल्व्ह होते, म्हणूनच एक अर्धवट उघडा राहिलेला नऊ वर्षं दिसला नाही. दोन-तीन पौंड जास्त पडतात, पण मुठीचाच घ्या.

भरण्याची पद्धत मला आता पाठ आहे. हीटिंग बंद, बॉयलर थंड. खुंटीवर टांगलेली नळी काढायची, दोन्ही टोपणं सोडवायची, खाली वाटी धरायची कारण चमचाभर पाणी सांडतंच. नळी हाताने बसवून पान्याने पाव फेरा. आधी बॉयलरकडचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग नळाकडचा अगदी हळू. पाण्याचा सुस्कारा ऐकू येतो, काटा चढायला लागतो. १.३ वर आला की दोन्ही बंद. नळी काढायची, टोपणं, पुसून परत खुंटीवर. पाच मिनिटांचं काम. वर्षभरात मला हे फक्त दोनदा करावं लागलं. पूर्वी काटा आपोआप चढत होता म्हणून आम्ही आठ-नऊ वर्षांत एकदाही पाणी भरलं नव्हतं, आणि बॉयलर किती छान चाललाय असं सगळ्यांना सांगायचो.

आता तो अर्धा तारा. नळीच्या टोकांना जे फायबरचे वॉशर येतात ते एकदा दाबले की चपटे होतात. दुसऱ्यांदा नळी लावली तेव्हा एका बाजूने पाणी झिरपलं. जी वस्तू प्रत्येक वेळी काढून ठेवायचीच आहे तिच्या पाकिटात जादा वॉशर हवेत. आठ-दहा घातले असते तर बनवणाऱ्याचा काय मोठा खर्च होता? मी वेगळे आणले, वीसचं पाकीट, ते नळीशेजारीच पिशवीत टांगलंय. दुसरं, टोपणं. संचात आली ती प्लास्टिकची, त्यातल्या एकाचा आटा तिरका बसतो. इंजिनिअरबाईंनी पितळेची बसवून दिली, साखळीसकट, म्हणजे हरवत नाहीत. तिसरं, माहितीचा कागद. मुंगीच्या अक्षरात सात भाषा, आणि "भरून झाल्यावर नळी काढा" हे वाक्य शेवटून दुसरं. ते सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात हवं होतं. ही नळी लोक काढत नाहीत यामागे लोकांचा निष्काळजीपणा कमी आणि हा कागद जास्त, असं माझं ठाम मत आहे.

इंजिनिअरबाईंनी सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला. तो एकदा गाळाने धरला की नीट मिटत नाही. रेडिएटरच्या परतीच्या पाईपवर आधीपासून गाळणी होती, ती उघडून साफ केली. आतल्या चुंबकावर बरणीतल्यासारखाच काळा लेप, पण अर्धा इंच जाड. नवीन इनहिबिटरची बाटली घातली, पट्टी बुडवून प्रमाण तपासलं, बॉयलरवर तारखेचं लेबल लावलं. स्वयंपाकघराचा नळ, बाथरूमचे नळ, बाहेरचा नळ भरपूर वेळ वाहू दिले. सगळं मिळून १६५ पौंड, त्यात तो १४ पौंडांचा लूप आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह धरून. अडीच तास. जाताना जुनी नळी मागितली तर म्हणाल्या, "ती तुमच्याकडेच ठेवा, दाखवायला उपयोगी पडेल." पाचपैकी पाच, त्यांना. एकच सुचवीन: हे सगळं एका कागदावर लिहून दिलं असतं तर सासूबाईंनाही समजावता आलं असतं. शेवटी मी मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

एप्रिलमध्ये आमच्या भागात पुन्हा पाणी बंद झालं, या वेळी आधी पत्र टाकून, दुरुस्तीसाठी. मी मुद्दाम थंड नळ उघडून हात खाली धरला. थोडं पाणी आलं, बोटं दुखतील असं थंड, आणि संपलं. बॉयलरचा काटा १.४ वरून हलला नाही. बाहेरच्या पाईपखालच्या विटा आता कोरड्या आहेत, ओघळ तेवढा राहिलाय.

आमच्या ओळीतल्या आणखी दोन घरांत २०१६ सालीच, त्याच माणसाकडून बॉयलर बसवला होता, आमच्याच शिफारशीवरून. जुनी नळी घेऊन मी दोन्हीकडे गेले. एका घरात डबल चेक व्हॉल्व्ह निघाला, फक्त नळी कायम लावलेली होती. शेजारच्या काकांनी ती माझ्यासमोर काढून टोपणं लावली. दुसऱ्या घरात आमच्यासारखीच जोडणी आहे, बाण कुठेच नाही, आणि त्यांच्याकडे चार महिन्यांचं बाळ आहे, बाटलीचं दूध पितं. गुरुवारी सकाळी इंजिनिअरबाई तिकडे येतायत. तोवर दोन्ही व्हॉल्व्ह आडवे करून त्यावर मी चिकटपट्टी लावली आहे, आणि बाळाच्या बाटलीसाठी त्यांना आमच्याकडून पाणी न्यायला सांगितलंय.